हणमंतप्पांचा दुसरा निरोप

नाटक बसवायची कल्पना माझी होती, असं आमच्या गावात आजही सांगतात. ते साफ खोटं आहे. कल्पना परिपत्रकातून आली. सहकार खात्यात सगळं वरूनच येतं. त्या बहात्तर साली पाऊस तेवढा वरून आला नाही, बाकी परिपत्रकं वेळेवर येत होती.

जळकोटच्या फाट्यावरून आत गेलं की लागणाऱ्या एका गावच्या सेवा सोसायटीचा मी सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हटल्यावर डोळ्यांपुढं जे उभं राहतं तसलं काही नव्हतं. पत्र्याची खोली, एक कपाट, एक डुगडुगतं टेबल आणि पुढं लांबरुंद ओसरी. गावातली धडधाकट माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. मुकादम ज्यांना हजेरीवर घेत नसे ती म्हातारी मंडळी सकाळीच आमच्या ओसरीवर येऊन बसत, कारण ओसरीला सावली होती आणि रांजणात पाणी होतं. मी परगावचा, पगारी आणि त्या दिवसांत रिकामा, त्यामुळं सगळ्यांच्या दुखण्यांचा हक्काचा श्रोता मीच. कुणाचा गुडघा कुठल्या सालापासून धरलाय आणि कुणाला काय खाल्लं की काय होतं, हे मला सोसायटीच्या पोटनियमांपेक्षा जास्त पाठ झालं होतं. दुखणी संपली की मंडळी मेलेल्यांवर येत, आणि मेलेले संपले की आता पाळी कुणाची यावर.

त्यांत तिघं रोजची. हणमंतप्पा हे लिंगायताघरचे. बायको गेल्यापासून घरात एकटे, हातात काठी, छातीत खोकला. एकच मुलगा, रामलिंग, तो सोलापूरला गिरणीत होता. बऱ्याच वर्षांत गावाकडं आला नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर खुशाली कळवायचा, तेवढंच. दुसऱ्या मथुराबाई. या पंचक्रोशीत रडण्याबद्दल नावाजलेल्या. मयताच्या घरी त्या पोचल्या की घरचे लोक थोडा वेळ आपलं रडणं थांबवून त्यांचं ऐकत, असा त्यांचा हेल होता. तिसरे लिंबाजी. हे बौद्ध वस्तीतले, तरुणपणी जलशात गायचे, आवाज अजून खणखणीत. ते मात्र ओसरीवर न येता पायरीवर बसत. मी वर या म्हटलं की "हितंच बरं हाय" म्हणत आणि ओसरीवरची मंडळी दुसरीकडं बघत.

तर परिपत्रक आलं की सहकार सप्ताहात प्रत्येक संस्थेनं सभासदांचा सांस्कृतिक कार्यक्रम करावा आणि कार्यक्रमास वरिष्ठ अधिकारी उपस्थित राहतील. आमचे चेअरमन नानासाहेब यांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, करा, पण त्यात चेअरमन दाखवला तर चांगला दाखवा. घरी सांगितलं तर आमच्या मंडळींनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एकदा शिपायाचं काम केलं होतं आणि भाला विसरून रंगमंचावर गेलो होतो, ही गोष्ट मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितली होती. माणसानं बायकोला सगळं सांगू नये.

तरुण सभासद खडीवर. मग उरले कोण? ओसरी. मी ओसरीला विचारलं आणि ओसरी हसली. पण दुसऱ्या दिवशी जो तो मला एकेकट्याला गाठून दुसरा कसा नालायक आहे ते सांगू लागला, तेव्हा नाटक बसणार हे मी ओळखलं.

नाटक मीच लिहिलं. एक म्हातारा शेतकरी, त्याचा सोसायटीवर रुसून घर सोडून गेलेला मुलगा, म्हाताऱ्याचं मरण, आणि मुलाला उशिरा पटलेलं सहकाराचं महत्त्व. लिहिताना मी स्वतः रडलो होतो. गावाला नाटक लिहिलंय हे कळल्याबरोबर सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे ऐतिहासिक करा, फेटे बांधता येतात. कुणी म्हणे मध्ये एक लढाई घाला. एकानं विचारलं की यात देव कुठं आहे, आणि मी नाही म्हटल्यावर मग मरतो कशाला म्हातारा, असं म्हणून तो निघून गेला.

मंजुरीसाठी मी नाटक तालुक्याला पाठवलं. ते तीन वेळा परत आलं. पहिल्यांदा सोबत ठराव नव्हता म्हणून. दुसऱ्यांदा ठराव होता पण समास सोडला नव्हता. तिसऱ्यांदा कुणीतरी ते खरोखरच वाचलं होतं. शेरा असा होता की, सदर नाटकातील सभासद मयत होण्यापूर्वी वारसनोंद झाल्याचे दिसून येत नाही. खालच्या आवाजात सांगतो, मला तो शेरा फार लागला. ज्या प्रसंगावर मी रडलो त्यात या लोकांना वारसनोंद हवी होती. पण मंजुरी हवी असेल तर वाकावं लागतं. मी म्हाताऱ्याच्या तोंडी मरताना एक वाक्य घातलं: "माझा वारस माझा लेक. त्याला बोलवा."

तालमी सोसायटीतच होत. म्हातारा हणमंतप्पा, त्यांची बायको मथुराबाई आणि रुसलेला मुलगा लिंबाजी. मुलगा बापापेक्षा थोडा थोराडच होता, पण पाठांतर एकट्या लिंबाजींचंच होतं. आता मुलाला बापाच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचं, तर ते पायरीवरून कसं जमणार? पहिल्या तालमीला लिंबाजी पायरीवर उभे राहूनच वाक्यं म्हणू लागले. ओसरी दुसरीकडं बघू लागली. मी घसा खाकरत राहिलो. तेव्हा हणमंतप्पाच म्हणाले, "नाटकात पोरगा म्हणलं की पोरगा. ये वर." लिंबाजी चपला काढून वर आले. त्या दिवसापासून ते पायरीवर बसले नाहीत, आणि त्याबद्दल ओसरीवर कुणी काही बोललंही नाही.

काय सांगू, त्या तालमींनी त्या माणसांचं काय केलं ते. दुखण्यांचा विषय निघेना. हणमंतप्पांचा खोकला मरणाच्या प्रसंगापुरता उरला. एरवी खोकायचे नाहीत, म्हणायचे नाटकाला राखून ठेवलाय. काठी एक दिवस ओसरीवर विसरली ती कुणी घरी नेलीच नाही. मथुराबाईंना दिसत कमी होतं, पण मी एक शब्द चुकीचा सांगितला की त्या लांबून ओरडायच्या. रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन ही माणसं दुपारभर उभी राहायची आणि थांबा म्हटलं तर थांबायची नाहीत. मी आयुष्यात एवढं एकच काम धड केलं असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि आजही वाटतं.

अडचण आली ती मरणाची. मी लिहिलं होतं की म्हातारा घोंगडीवर निपचित पडतो. हणमंतप्पा पडायला तयार होईनात. "आमच्यात मेल्या माणसाला निजवत न्हाईत," ते म्हणाले, "बसवत्यात." मी समजावलं की नाटकातल्या म्हाताऱ्याची जात मी लिहिलेली नाही. ते म्हणाले, तुम्ही नाही लिहिली, पण मरायचं मलाच आहे. अखेर खांबाला टेकून मांडी घातलेले, कपाळाला विभूती, गळ्यात हार आणि डोळे मिटलेले हणमंतप्पा, असं ठरलं. मथुराबाईंनी बाजूला बसून हेल काढला, आणि तालमीलाच माझ्या अंगावर काटा आला.

हणमंतप्पांचं एकच म्हणणं होतं, रामलिंगनं नाटक बघायला यावं. आमंत्रण मी माझ्या हातानं लिहून सोलापूरला पाठवलं. पुन्हा एकदा पाठवलं. उत्तर नाही. तालीम संपली की ते फाट्यापर्यंत चालत जायचे आणि सोलापूरची गाडी बघून परत यायचे. न विचारताच मला म्हणायचे, गिरणीत सुट्टी मिळत नसणार. मीही मिळत नसणार म्हणायचो.

प्रयोग ठेवला बाजारच्या दिवशी, त्या दिवशी खडीचं काम बंद असे. वेळ दुपारची, कारण साहेबांना उजेडात परत जायचं होतं. सकाळी रंगीत तालीम. पडदा म्हणून आमच्या घरची एकुलती एक चांगली चादर बांधली होती, तिच्याबद्दल मी अजून ऐकतो. हणमंतप्पा खांबाला टेकून मरून बसले होते, मथुराबाई सूर लावत होत्या, आणि तेवढ्यात एक कावळा आला आणि सरळ हणमंतप्पांच्या पागोट्यावर बसला. आरामात बसला, इकडंतिकडं बघितलं आणि गेला.

मथुराबाईंचा सूर तुटला. कावळा डोक्यावर बसला म्हणजे माणसाचं मरण जवळ आलं, आणि त्यावर उतारा एकच, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माणूस मेल्याची खोटी बातमी त्याच्या जवळच्या नातेवाइकाला पाठवायची. त्यानं ती खरी मानून रडायचं. रडणं झालं की मरण टळतं, आणि मग बातमी खोटी होती असा दुसरा निरोप पाठवायचा. मथुराबाई म्हणाल्या की हे झाल्याशिवाय त्या हणमंतप्पांवर रडणार नाहीत. नाटकात रडल्या आणि खरंच काही झालं तर पाप कुणाच्या माथी? लिंबाजी म्हणाले, "कावळा हाय त्यो. बसला. आमी ह्ये सगळं छप्पन सालीच सोडलं." मी सुशिक्षित माणूस, मी लिंबाजींच्या बाजूचा. पण दुपारी साहेब येणार होते आणि मथुराबाईंशिवाय नाटकात नुसती वारसनोंद उरत होती.

मी हणमंतप्पांना विचारलं. त्यांच्यात कावळ्याला तसा काही मान नाही, त्यामुळं ते उडवून लावतील अशी माझी आशा होती. ते खाली बघत पागोटं झटकत राहिले आणि हळूच म्हणाले, "बातमी रामलिंगलाच द्यावी लागंल की."

फाट्यावर सकाळच्या गाडीचा कंडक्टर गुलाब भेटला. हा आमचा नेहमीचा निरोप्या. त्याला पहिला निरोप दिला. मागून आलेल्या गाडीच्या कंडक्टरला दुसरा दिला, की बातमी खोटी, कावळा बसला होता. व्यवस्था चोख होती. फक्त एक गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात आली नाही. पहिला निरोप ऐकून माणूस रडत घरी बसेल असं आम्ही धरून चाललो होतो. रामलिंग बसला नाही. दुसरा निरोप त्याच्या दारात पोचला तेव्हा दाराला कुलूप होतं.

दुपारी साहेब आले, उशिरा. सत्कार झाले. नानासाहेबांनी भाषणात दुष्काळाचेही आभार मानले. त्यानंतर नाटक सुरू झालं, आणि सांगायला आनंद होतो की चांगलं झालं. हणमंतप्पांनी राखून ठेवलेला खोकला काढला, माझा वारस माझा लेक, त्याला बोलवा, असं म्हणाले आणि मान टाकली. मी चादर ओढली, आम्ही त्यांना विभूती लावली, हार घातला, चादर बाजूला केली. मथुराबाईंनी हेल काढला. सगळी बाजारकरी मंडळी डोळ्यांना पदर आणि धोतराचे सोगे लावून बसली. साहेबही जागे होते.

आता लिंबाजींनी यायचं. पण गर्दीतून वाट काढत रामलिंग आला. मागं बायको, तिच्या कडेवर पोर, आणि त्याच्या हातात सोलापूरहून आणलेला हार. त्यानं वेशीपासून मथुराबाईंचा हेल ऐकला होता. पुढं येऊन बघतो तर बाप रीतीप्रमाणं बसवलेला, कपाळाला विभूती, गळ्यात हार. लिंगायताच्या पोराला आणखी कसला पुरावा लागतो? त्यानं बापाच्या मांडीवर डोकं टाकलं आणि तो जे रडला ते मला लिहिता आलं नसतं. "आप्पा, म्या येणार हुतो," एवढंच तो परत परत म्हणत होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावातल्या नव्या पिढीनं त्याला ओळखलं नाही आणि जुन्यांना वाटलं, सेक्रेटरीनं खास सोलापूरहून आणवलाय. चादरीमागं लिंबाजी माझा हात धरून विचारत होते की त्यांचं काम दुसऱ्याला कधी दिलं. माझं म्हणाल तर माझी मती गेली होती, आणि सवयीनं मी रामलिंगला पुढचं वाक्य सांगत होतो.

हणमंतप्पा उठले नाहीत. त्यांना सगळं ऐकू येत होतं. विभूतीवरून पाण्याचे ओघळ खाली येत होते आणि ते डोळे मिटून तसेच बसले होते. मी पहिल्या रांगेपेक्षा जवळ होतो, मला दिसत होतं. मुलगा आपल्यासाठी कसा रडतो ते त्यांना पुरतं ऐकून घ्यायचं होतं. मग त्यांनी डोळे न उघडताच हात उचलला आणि रामलिंगच्या पाठीवर ठेवला.

रामलिंग किंचाळून मागं पडला आणि सगळा बाजार हसला. त्या दुष्काळात लोक तेवढे कधी हसले नव्हते. कुणाच्या लक्षात काही यायच्या आत नानासाहेबांनी त्याला उभं करून साहेबांच्या हस्ते शाल आणि नारळ दिला, आणि असे कलावंत ग्रामीण भागात आहेत याबद्दल साहेबांनी समाधान व्यक्त केलं. रामलिंग नारळ हातात घेऊन उभा होता. त्याचा चेहरा मी नंतर पुष्कळदा आठवला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बापाला घेऊन सोलापूरला गेला. गाव आपल्याला हसलं हे त्याला सहन झालं नाही, आणि बापाला एकटं टाकल्याचं लोक बोलतील हेही. हणमंतप्पा आनंदात होते. नातवंडाला कडेवर घेऊन गाडीत बसले. खिडकीतून मला म्हणाले, "तालमी थांबवू नगा. संक्रांतीला येतो. मेलेल्याचं काम दुसऱ्याला दिऊ नगा."

दिलं नाही. कुणी घेतलंच नाही. मी दुसरं नाटक लिहायला घेतलं, पण मथुराबाई म्हणाल्या, मेलेलं माणूसच नाही तर रडू कुणावर? काही दिवस मंडळी नुसतीच जमली. मग गुडघे परत आले, खोकले परत आले. एका सकाळी मी सोसायटी उघडली तर लिंबाजी पायरीवर बसलेले होते. वर या म्हणालो. ते म्हणाले, "आता कशाला?" मला फार वाईट वाटलं. प्रयोगाची तारीख मी ठरवली नसती, नुसत्या तालमीच चालू ठेवल्या असत्या, तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण परिपत्रकात प्रयोग करा असं होतं, तालमी करा असं नव्हतं. संक्रांत आली. हणमंतप्पा आले नाहीत.

उन्हाळ्यात गुलाबनं फाट्यावर निरोप टाकला. आमच्या गावचा एक जण तो घेऊन ओसरीवर आला: हणमंतप्पा गेले.

मग मथुराबाई म्हणाल्या, "सोलापुरात बी कावळं हैत म्हणायचं." आणि सगळे हसले. मीही हसलो. कित्येक महिन्यांत त्या ओसरीवर कुणी हसलं नव्हतं. हणमंतप्पांवर पुन्हा कावळा बसला आणि त्यांनी जवळचं नातं म्हणून आमच्याकडं बातमी पाठवली, याचं सगळ्यांना केवढं अप्रूप वाटलं. मग आमचं काम उघड होतं. रडायचं. मथुराबाई पदर सावरून खांबाशी बसल्या आणि त्यांनी असा हेल काढला की रस्त्यानं जाणारे थांबले. हणमंतप्पांचे गुण सांगता सांगता त्यांनी त्यांचा खोकला सांगितला, पागोटं सांगितलं, मरायचं तर बसून मरणारा मानी माणूस म्हणून सांगितलं, आणि मध्येच हसू दाबलं. लिंबाजी पायरीवरून उठून वर आले आणि हणमंतप्पा मरून बसायचे त्या रिकाम्या जागेवर डोकं टेकवून त्यांनी आपलं राहून गेलेलं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत केलं. त्या दिवशी कुणी लवकर घरी गेलं नाही. जाताना जो तो म्हणत होता, आता दुसरा निरोप येईल.

संध्याकाळच्या गाडीला आम्ही सगळेच फाट्यावर गेलो. निरोप नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला गुलाब स्वतः होता. मी खिडकीशी जाऊन दुसरा निरोप विचारला. कसला दुसरा, असं त्यानं विचारलं. माती झाली, म्हणाला. गावाकडचं कुणीतरी येईल म्हणून रामलिंगनं बराच वेळ थांबवून ठेवलं होतं. गाडी निघून गेली.

परत येताना लिंबाजी पुढं निघून गेले. मथुराबाईंना दिसत नव्हतं म्हणून मी त्यांचा हात धरला होता. वेशीपाशी त्या थांबल्या.

"सेक्रेटरीसाब," त्या म्हणाल्या, "काल रडले ते धरतील का वो?"

धरतील, म्हणालो मी. धरतील.